क्रूझवर स्वतःची पेयं नेताना: पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

क्रूझचं बुकिंग झालं की सामानाच्या यादीत चहापूड, कोकम आगळाची बाटली, मुलांसाठी ज्यूसचे खोके आणि कधी एखादी वाइन अशी भर पडत जाते. यातलं काही जहाजावर बिनबोभाट नेता येतं, काही अजिबात नेता येत नाही. काही वस्तू मात्र अशा आहेत की जहाजाची त्यांना हरकत नसते, पण वाटेतल्या देशाची असते. गोंधळ नेमका इथे होतो. लोक फक्त क्रूझ कंपनीचा नियम वाचतात आणि सामान विमानतळावर अडकतं, किंवा परतीच्या वाटेवर.

पुण्यातल्या घरातून जहाजाच्या केबिनपर्यंत तुमची बाटली चार दारांतून जाते: आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा, विमान कंपनी, ज्या देशात उतरता तिथलं कस्टम्स, आणि शेवटी बंदरावरचं टर्मिनल. परत येताना हीच दारं उलट्या क्रमाने लागतात. चारही दारांचे नियम वेगळे, आणि त्यातला जो सगळ्यात कडक तोच तुम्हाला लागू. कोरड्या वस्तूंना, म्हणजे चहाच्या पिशव्या, सरबताची पावडर, आमसुलं यांना, या दारांवर फारसं कोणी अडवत नाही. म्हणून बाटल्या कमीत कमी आणि कोरडा माल भरपूर, या हिशेबाने बॅग भरा.

१. आपलं जहाज कोणत्या प्रकारचं ते आधी बघा

‘क्रूझवर वाइन नेता येते का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कंपनीगणिक ते बदलतं, आणि कंपन्या हे नियम अधूनमधून बदलतातही. बुकिंग झाल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरचं मद्य आणि पेयांबद्दलचं पान उघडा, त्याचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये ठेवा आणि निघण्याच्या आठवड्यात ते पान पुन्हा तपासा. ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. टर्मिनलवरच्या तपासनीसाला एजंटचा शब्द माहीत नसतो.

ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला, काहीच आणू न देणाऱ्या कंपन्या. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलिया यात येते. बाहेरचं खाणंपिणं तिथे चालत नाही, दारू तर नाहीच. युरोपात फिरणाऱ्या एमएससी आणि कोस्टा या कंपन्याही बाहेरून दारू आणू देत नाहीत. या जहाजांसाठी वाइनचा विचारच सोडून द्या, पाचव्या टप्प्यातला खसखशीचा भाग वाचा आणि सातव्या टप्प्यावर जा. तिथला कोरडा माल चालतो का, ते मात्र कंपनीला आधी विचारा.

दुसरा, थोडं आणू देणाऱ्या. सिंगापूरहून पेनांग-फुकेत करणारे पुणेकर बहुतेक वेळा रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर असतात. तिथे कायद्याने पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची वाइन किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली नेता येते, आणि तीही फक्त चढण्याच्या दिवशी. बिअर आणि व्हिस्की-रमसारखी कडक दारू चालत नाही. खोक्यातली वाइनही नाही. शीतपेयं आणि ज्यूस बारा नगांपर्यंत नेता येतात. कार्निव्हलवरही वाइनचा नियम असाच आहे, पण तिथे शीतपेयं फक्त कॅनमध्ये किंवा कागदी खोक्यात हवीत: माणशी १२ नग, प्रत्येक नग ३५५ मिलीपर्यंत. प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी किंवा कोला तिथे काढून घेतात. बारा कॅन चालतात एवढंच वाचून बारा बाटल्या घेऊन जाणारे इथे फसतात.

तिसरा, पैसे घेऊन आणू देणाऱ्या. नॉर्वेजियनवर वाइनच्या बाटल्यांवर संख्येची मर्यादा नाही, पण प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज म्हणजे बूच उघडण्याचं शुल्क द्यावं लागतं. गंमत म्हणजे याच कंपनीला बाहेरचं पाणी आणि सोडा मात्र चालत नाही. डिस्नेवर प्रौढ प्रवाशाला वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन नेता येतात, आणि प्रवासात प्रत्येक बंदरावर पुन्हा तेवढेच.

पिण्याचं वय जहाज कुठून सुटतं त्यावर ठरतं. रॉयल कॅरिबियनवर अमेरिकेतून सुटणाऱ्या फेऱ्यांना २१ आणि आशियातून सुटणाऱ्यांना १८. महाराष्ट्रातला आपला नियम वेगळाच आहे, तो पुढे येईल.

२. जवळ काय हवं

कागदपत्रं:

- पासपोर्ट (प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक) आणि व्हिसा. मुंबईहून देशातल्या देशात जाणाऱ्या फेरीला आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र.
- क्रूझचा बोर्डिंग पास. वेब चेक-इन केल्यावर तो मिळतो.
- सिंगापूरला जाणार असाल तर आगमनाचं ऑनलाइन कार्ड. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं.
- बाटलीचं बिल, आणि दारू नेत असाल तर महाराष्ट्राचा परवाना.
- वैद्यकीय कारणाने काही द्रव नेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत, लेटरहेडवर. मराठीत लिहिलेली चिठ्ठी सिंगापूरला किंवा दुबईला कोणी वाचू शकणार नाही.

सामान:

- माणशी एक रिकामी स्टीलची किंवा चांगल्या प्लास्टिकची बाटली, ७५० मिली ते एक लिटरची.
- एक लहान थर्मास आणि झाकणाचा मग.
- घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक पिशव्या.
- बाटली गुंडाळायला फुगेवालं प्लास्टिक आणि एक जुना टॉवेल.
- एक लांब दांड्याचा चमचा. केबिनमध्ये चमचा मिळेलच असं नाही.

विजेची किटली, पाणी तापवायची रॉड, छोटी शेगडी यांतलं काहीही घेऊ नका. आगीच्या भीतीमुळे तापणारी उपकरणं जहाजांवर बंदच असतात. स्कॅनरमध्ये ती स्पष्ट दिसतात आणि काढून ठेवली जातात. आपल्याकडच्या सामानातून सर्वाधिक जप्त होणाऱ्या वस्तूंमध्ये या किटल्या वरच्या असतात, आणि त्यांच्यामुळे अख्खी बॅग उघडली जाते ते वेगळंच.

३. पहिलं दार: महाराष्ट्राचा कायदा

मद्य नेणार नसाल तर हा टप्पा सोडा.

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. १९४९च्या दारूबंदी कायद्यातली ही तरतूद आजही लागू आहे. वर्षभराचा परवाना १०० रुपयांत आणि आजीवन परवाना १००० रुपयांत मिळतो. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन करता येतो. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ची. बाटली घेऊन लोहगावपर्यंत किंवा मुंबईपर्यंत गाडीने जाणार असाल तर परवाना आणि बिल एकत्र ठेवा.

बाटली निवडताना फिरकीच्या बुचाची घ्या. नाशिक आणि अकलूजकडच्या अनेक वाइन तशा मिळतात. बूच-काढणी हातातल्या बॅगेत ठेवली तर विमानतळावर काढून घेतली जाऊ शकते, आणि कॉर्कची बाटली जहाजावर उघडायला बारवर न्यावी लागते.

४. दुसरं दार: विमान

इथे एक उलटापालट लक्षात ठेवायची आहे. विमानात बाटली चेक-इन बॅगेत जाते आणि जहाजावर हातातल्या बॅगेत. यात कुठेही चूक केली तर बाटली हातची जाते.

आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यातला कुठलाही द्रव चालत नाही. डबा अर्धा रिकामा असला तरी डब्याची क्षमताच मोजली जाते. त्यामुळे कोकम आगळ, लिंबाचं सरबत, मुलांचा ज्यूस, वाइन, सगळं चेक-इन बॅगेत. मद्याच्या बाबतीत नियम अल्कोहोलच्या टक्केवारीवर आहे. २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे वाइन आणि बिअर, यांना सुरक्षेच्या कारणाने वेगळी मर्यादा नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या दारूला माणशी ५ लिटरची मर्यादा आहे. ७० टक्क्यांपेक्षा कडक दारूला पूर्ण बंदी. बाटली मूळ सीलबंद पॅकिंगमध्ये हवी.

वजनाचा हिशेब घरीच करा. काचेच्या बाटलीसकट ७५० मिली वाइन सव्वा ते दीड किलो भरते. बारा कॅन, प्रत्येकी ३३० मिलीचे, म्हणजे जवळपास चार किलो नुसतं पेय, वर डब्यांचं वजन. पंधरा-वीस किलोच्या मर्यादेत चौघांच्या कुटुंबाने पुण्याहून कोला वाहून नेण्यात काहीच हशील नाही. सिंगापूरला उतरल्यावर हॉटेलजवळच्या दुकानातून कॅन घ्यावेत आणि दुसऱ्या दिवशी थेट जहाजावर न्यावेत. वाइनही पुण्याहूनच न्यायला हवी असं नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यानंतर, बॅगा घेण्याच्या भागात ड्युटी फ्रीचं दुकान असतं, तिथे घेता येते. ती बाटली मात्र कस्टम्सच्या मर्यादेत मोजली जाते.

पुण्याहूनच न्यायची असेल तर बाटली आधी घट्ट प्लास्टिक पिशवीत, मग फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये, मग टॉवेलमध्ये गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. चारही बाजूंनी कपडे हवेत. बॅगेच्या कडेला किंवा चाकांजवळ ठेवलेल्या बाटल्या फुटतात, कारण बॅग आपटते ती कडेवर. कॅन मात्र हवेच्या दाबाने सहसा फुटत नाहीत. ते चेपून फुटतात, म्हणून त्यांच्यावर जड वस्तू ठेवू नका.

अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेतली ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर वेगळी तपासली जाते. चहापूड आणि सरबताची पावडर तिकडे जाताना सरळ चेक-इन बॅगेत टाका.

५. तिसरं दार: उतरता त्या देशाचं कस्टम्स

सिंगापूरला माणशी एकूण २ लिटर मद्य करमुक्त आहे, तेही ठरावीक जोड्यांमध्ये: एक लिटर कडक आणि एक लिटर वाइन, एक लिटर कडक आणि एक लिटर बिअर, एक लिटर वाइन आणि एक लिटर बिअर, किंवा दोन लिटर नुसती वाइन, किंवा दोन लिटर नुसती बिअर. दोन लिटर नुसती व्हिस्की या यादीत बसत नाही. अटी तीन: वय किमान १८, त्याआधी किमान ४८ तास सिंगापूरच्या बाहेर असणं, आणि मलेशियातून येत नसणं. पुण्याहून थेट जाणाऱ्याला जाताना या अटींची अडचण नाही. परतताना तिसरी अट फार महत्त्वाची ठरते, तिच्याकडे नवव्या टप्प्यात येऊ.

दुबईत माणशी ४ लिटर मद्य किंवा बिअरची दोन खोकी (प्रत्येकात ३५५ मिलीपर्यंतचे २४ कॅन) चालतात. शारजामध्ये मात्र मद्याला बंदी आहे, म्हणून शारजाच्या विमानतळावर उतरणार असाल तर बाटली घेऊच नका. एमएससी-कोस्टाच्या जहाजांवर बाहेरची दारू चालतच नाही, म्हणजे दुबईहून त्यांच्या जहाजावर चढणार असाल तरी ती नेण्यात अर्थ नाही.

आता बिनदारूच्या पेयांमधला सगळ्यात गंभीर धोका: खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि सिंगापूरमध्येही ती अमली पदार्थांच्या नियंत्रणाखाली येते. थंडाईच्या मसाल्यात खसखस असते. काही दूध मसाल्यांतही असते. घरी आईने कौतुकाने करून दिलेला मसाला असेल आणि त्यात मूठभर खसखस असेल, तर दुबईच्या विमानतळावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. विकतच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. शंका असेल तर ते पाकीट घरी ठेवा. या एका बाबतीत अजिबात धोका पत्करू नका.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्यापिण्याची प्रत्येक वस्तू आगमनाच्या फॉर्मवर जाहीर करावी लागते. दूध पावडर मिसळलेला चहाचा प्रीमिक्स तिथे काढून घेतला जाऊ शकतो. तिकडे जाताना नुसत्या चहाच्या पिशव्या न्या, दूध जहाजावर मिळतंच.

६. चौथं दार: टर्मिनल

विमानातून उतरल्यावर एक रात्र हॉटेलात असाल तर तिथेच सामान बदलून घ्या. वाइनची बाटली आणि कॅन चेक-इन बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत घ्या. टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमालांकडे जातात आणि स्कॅनरमधून थेट जहाजावर चढतात. त्यात बाटली दिसली की बॅग बाजूला काढली जाते, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा केबिनबाहेर पोचतात तेव्हा तुमची पोचत नाही. मग सुरक्षा कक्षात जाऊन, उभं राहून बॅग उघडून दाखवायची. पहिली संध्याकाळ त्यात जाते. परवानगी असलेली बाटली हातात, उघडपणे न्या. तपासनीसाने विचारण्याआधी सांगा आणि पिशवी त्याच्यासमोर धरा.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी: जहाज बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून सुटतं. पुण्याहून सकाळी ७:१५ची डेक्कन क्वीन पकडली तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून तिथून टॅक्सीने थोडंच अंतर आहे. गाडीने जाणार असाल तर अटल सेतूवरून शिवडी आणि पुढे बंदराच्या बाजूने या. बोर्डिंगची वेळ आणि घाटातली कोंडी या दोन्हींचा विचार करून दोन तास जास्त धरा. गाडीत प्यायला घेतलेलं ताक, सरबत, उरलेलं बाटलीबंद पाणी टर्मिनलच्या आधी संपवा.

फसवाफसवीचे प्रकार ऐकायला मिळतात: माउथवॉशच्या बाटलीत रंग घालून व्होडका, शॅम्पूसारख्या दिसणाऱ्या पिशव्या, कॅमेऱ्याच्या खोक्यात चपटी बाटली. हे करू नका. जहाजाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना ही सगळी सोंगं माहीत असतात, सील तुटलेली बाटली ते उघडून वास घेतात. कंपनीच्या अटींमध्ये अशा प्रवाशाला जहाजावरून उतरवण्याचा अधिकार लिहिलेला असतो, आणि काढून घेतलेल्या दारूची भरपाई मिळत नाही.

घरी बनवलेलं काही बाटलीत भरून नेणं हाही सापळाच आहे. कोकम आगळ, पन्ह्याचा गर, आवळ्याचा रस, काढा: लेबल नसलेल्या बाटलीतला गडद द्रव तपासनीसाला दिसतो, आणि तो काय आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं. शिवाय बऱ्याच कंपन्या घरचं शिजवलेलं किंवा नाशवंत काही चढू देत नाहीत. न्यायचंच असेल तर कंपनीचं सीलबंद पाकीट, त्यावर इंग्रजीत घटक आणि मुदत छापलेली.

७. चहा आणि सरबतं: कोरड्या मालाची बॅग

खरं समाधान इथे आहे. चहा, कॉफी, पाणी आणि लिंबाचं सौम्य सरबत बहुतेक जहाजांच्या बफेवर तिकिटातच मिळतं. गरम पाण्याचा नळ बफेत असतो. घरच्या चवीसाठी फक्त चव देणारी वस्तू न्यायची असते, द्रव तिथे फुकट मिळतो.

चहा फसतो तो दोन कारणांनी. आपली दाणेदार चहापूड उकळण्यासाठी केलेली असते, आणि नळाचं पाणी उकळतं नसतं. दुसरं म्हणजे लोक आधी दूध ओततात. थंड दुधाने पाणी आणखी निवतं आणि रंगच उतरत नाही. म्हणून मोकळी पूड न नेता चहाच्या पिशव्या न्या आणि हे करा: मग आधी गरम पाण्याने धुऊन घ्या, साधारण १५० मिली गरम पाण्यात दोन पिशव्या टाका, झाकण लावून पूर्ण पाच मिनिटं ठेवा, मग ५० मिली गरम दूध घाला. गरम दूध बफेच्या कॉफी काउंटरवर मागितलं की मिळतं. साखर शेवटी. आल्याची चव हवी असेल तर सुंठ आणि वेलदोड्याची बारीक पूड एका छोट्या डबीत न्या. पाव चमचा पुरतो.

किती न्यायचं? दोघे, चार रात्री, दिवसाला दोन वेळा चहा: पाच दिवसांचे वीस कप, म्हणजे चाळीस पिशव्या. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. प्रीमिक्स घेतला तर सुटी वीस पाकिटं, मोठं पाकीट नको. उघडलेली मोठी पिशवी समुद्राच्या दमट हवेत दोन दिवसांत गठ्ठा होते.

लिंबू सरबत तर तिथेच करता येतं. लिंबाच्या फोडी, साखर, मीठ आणि बर्फ बफेत असतात. तुम्ही फक्त काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड न्यायची. हीच जिरेपूड ताकाला चालते: नाश्त्याला मिळणारं साधं दही एक भाग, थंड पाणी दोन भाग, मीठ, जिरं, आणि झाकणाच्या मगात चांगलं हलवायचं. दही गोड किंवा फळांचं नाही ना, ते मात्र आधी चाखून बघा.

कोकम हवंच असेल तर आगळाऐवजी आमसुलं न्या, सीलबंद पाकिटातली. आठ-दहा आमसुलं अर्धा मग कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चमच्याने दाबून रस काढा, साखर, मीठ, जिरेपूड घाला आणि थंड पाण्याने मग भरा. आमसुलांना मीठ असतंच, तेव्हा वरून चिमूटभरच. टॉवेलवर आणि केबिनच्या पांढऱ्या चादरीवर डाग पडू देऊ नका, तो रंग निघत नाही. सोलकढीचा नाद मात्र सोडा, नारळाचं दूध तिथे हमखास मिळत नाही आणि नेलेलं टिकत नाही.

जलजिऱ्याची पाकिटं, पन्ह्याचा प्रीमिक्स, झटपट कॉफी हे सगळं चालतं. ओआरएसची पाकिटं प्रत्येकाने न्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं आणि ते बरोबर एक लिटर पाण्यात मिसळायचं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट टाकणं घातक, तान्ह्या आणि लहान मुलांना तर विशेष. बोट लागून उलट्या झाल्या तर याचा उपयोग होतो. मळमळीला आलेपाकाच्या वड्याही बऱ्या.

तान्ह्या बाळाची दुधाची पावडर आणि मधुमेही किंवा डायलिसिसवरच्या रुग्णाची खास पेयं यांना बहुतेक कंपन्या परवानगी देतात, पण ते आधी कळवावं लागतं. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून घ्या.

८. पाणी

जहाजावरचं नळाचं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून केलेलं किंवा बंदरातून भरलेलं असतं. ते शुद्ध करून, क्लोरीन घालून आणि तपासूनच वापरात येतं. पिण्यास योग्य असतं. क्लोरीनचा वास खटकत असेल तर झाकण उघडं ठेवून बाटली रात्रभर केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवा, वास बराच कमी होतो. त्यामुळे बिसलेरीचा बॉक्स वाहून नेऊ नका.

एक शिस्त पाळा. बफेच्या नळाला तुमच्या बाटलीचं तोंड लावू नका. ग्लासात पाणी घ्या आणि ग्लासातून बाटलीत ओता. जहाजावर पोटाचा संसर्ग झपाट्याने पसरतो, आणि शेकडो बाटल्यांची तोंडं एकाच नळाला लागली तर तो नळच संसर्गाचं ठिकाण होतो. कर्मचारी टोकतात ते याचसाठी.

बंदरावर उतरताना बाटली भरून घ्या. परत चढताना उघडलेली पाण्याची बाटली बहुधा चालते, पण काठोकाठ भरलेल्या, रंगीत पेयाच्या बाटल्या थांबवल्या जातात. लक्षद्वीपला उतरणार असाल तर हे लक्षात ठेवा: बंगाराम बेट वगळता तिथे दारूबंदी आहे. जहाजावरून घेतलेली दारू घेऊन बोटीत बसू नका.

९. जहाजावर बाटली उघडणं, आणि बंदरातली खरेदी

परवानगीने आणलेली वाइन केबिनमध्ये प्यायलात तर सहसा शुल्क नाही. तीच बाटली रेस्टॉरंटमध्ये नेली तर कॉर्केज लागतं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल यांचं ते बाटलीमागे १५ डॉलर राहिलं आहे. म्हणजे जेवणाआधी केबिनमध्ये ग्लास भरून तो हातात घेऊन गेलात तर काम भागतं.

पेयांचं पॅकेज घेताना आकडेमोड करा. समजा एका कॉकटेलचा दर १४ डॉलर आहे आणि त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, तर बिल १६.५२ डॉलर. मेन्यूवर हे शुल्क धरलेलं नसतं. आणखी एक कलम लोक वाचत नाहीत: रॉयल कॅरिबियनवर एकाने मद्याचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही ते घ्यावं लागतं. नवरा पितो आणि बायको पीत नाही, अशा घरांना ते परवडत नाही. अशा वेळी माणशी एक बाटली वाइन आणि बाकी सुटे पेग हा हिशेब बरा पडतो.

बंदरावर किंवा जहाजाच्या दुकानात घेतलेली बाटली परत चढताना काढून ठेवली जाते, पावती मिळते आणि शेवटच्या दिवशी बाटली परत मिळते. पावती जपा. आता परतीचे तीन सापळे.

पहिला, सिंगापूरचा. तुमच्या जहाजाचं सिंगापूरपूर्वीचं शेवटचं बंदर पेनांग, लंकावी किंवा पोर्ट क्लांग असेल तर तुम्ही मलेशियातून येताय. मग मद्यावर करमुक्त सवलत शून्य. लंकावी करमुक्त बेट असल्याने तिथे बाटल्या स्वस्त दिसतात आणि लोक चार-चार उचलतात, मग सिंगापूरला उतरताना त्यांच्यावर शुल्क आणि जीएसटी भरावा लागतो. तिथून लगेच विमानतळावर जाणार असलात तरी तुम्ही देशात प्रवेश करताय, त्यामुळे सुटका नाही. लाल मार्गिकेतून जा आणि जाहीर करा. न सांगता हिरव्या मार्गिकेतून गेलात आणि सापडलात तर दंड होतो. बाटली घ्यायचीच असेल तर सिंगापूरहून निघताना चांगीच्या ड्युटी फ्रीत घ्या.

दुसरा, विमानाचा. जहाजाने परत दिलेली बाटली हातातल्या बॅगेत चालणार नाही. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि बाटली बऱ्याचदा त्यानंतर हातात येते. म्हणून एक बॅग बाहेर न ठेवता स्वतः घेऊन उतरा. विमानतळावर जाण्याआधी बाटली तिच्यात गुंडाळा. भारतात येताना माणशी २ लिटर मद्य करमुक्त आहे.

तिसरा, गोव्याचा, आणि मुंबईहून जाणाऱ्यांना तोच जास्त लागू. मुरगाव बंदरात जहाज थांबलं की स्वस्त दारू आणि फेणी घ्यायचा मोह होतो. पण गोव्यातून महाराष्ट्रात दारू आणायला वाहतूक परवाना लागतो. त्याशिवाय ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेली बाटली बॅलार्ड पिअरला उतरवणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग ती एक असो वा सहा. इथून वार्षिक परवाना काढला असला तरी तो गोव्याच्या बाटलीला पुरत नाही. काजू, कोकमाची पाकिटं, काजूचं बिनदारूचं सरबत घ्या, त्याला कोणतंही दार अडवत नाही.

१०. निघण्याच्या आदल्या रात्री

बॅग बंद करण्याआधी पाच मिनिटं द्या. थंडाई किंवा दूध मसाला कुठे राहिलेला नाही ना, ते बघा. किटली परत कपाटात गेली आहे का, ते तपासा. सिंगापूरला जाणार असाल तर च्युइंगगमही काढा, ते तिथे नेता येत नाही. चहाच्या पिशव्या, काळं मीठ, जिरेपूड आणि ओआरएस एकाच पारदर्शक पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तपासणीत अख्खी बॅग उपसावी लागणार नाही. वाइनची बाटली असेल तर तिचं बिल पासपोर्टच्या कव्हरमध्ये, आणि रिकामी पाण्याची बाटली झाकण सैल करून हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात.